पडद्यावरचे घोटाळे आणि प्रत्यक्षातला कायदा : वाचकांचे प्रश्न

शेअर बाजारातील गुन्हे, त्यांचा तपास आणि कंपन्यांमधील नियमपालन यांविषयी या सदराकडे पूर्वी जी पत्रे येत, ती बहुधा वर्तमानपत्रातील एखाद्या बातमीवरून लिहिलेली असत. आता निम्म्याहून अधिक पत्रांची सुरुवात एखाद्या मालिकेच्या किंवा चित्रपटाच्या उल्लेखाने होते. मला हे स्वागतार्ह वाटते, कारण जे काम नियमावलीची शेकडो पाने करू शकत नाहीत ते एखादा प्रसंग करतो आणि वाचक स्वतःहून विचारतो की यात नेमका गुन्हा कोणता होता. अडचण इतकीच, की गुन्हा कोठे घडतो आणि तो कशामुळे उघड होतो या दोन्ही गोष्टी पडद्यावर पुष्कळदा भलत्याच ठिकाणी दाखवलेल्या असतात. निवडक प्रश्नांची उत्तरे पुढे देत आहे.

प्रश्न : 'स्कॅम १९९२' ही मालिका पाहिली. हर्षद मेहता यांनी शेअरचे भाव चढवले हा गुन्हा होता, की बँकांचे पैसे वापरले हा? आणि तसे आज पुन्हा घडू शकेल का? (वाणिज्य शाखेची विद्यार्थिनी)

उत्तर : तुमच्या प्रश्नाचा पहिला भाग फार नेमका आहे. बँकांना सरकारी रोखे ठराविक प्रमाणात बाळगावे लागतात आणि त्या काळी एखाद्या बँकेला थोड्या दिवसांसाठी पैसे हवे असले, की ती आपले रोखे दुसऱ्या बँकेला विकून ठरलेल्या दिवशी ठरलेल्या भावाने परत घेत असे. याला 'रेडी फॉरवर्ड' म्हणत. कागदावर ती खरेदी-विक्री होती, प्रत्यक्षात ते रोख्यांच्या तारणावरचे अल्पमुदतीचे कर्ज होते. रोखे हातात पडायला वेळ लागत असल्यामुळे विकणारी बँक त्यांच्याऐवजी एक पावती देत असे आणि तीच पावती 'बँक रिसीट' म्हणजे बीआर या नावाने ओळखली जात होती. मधे मेहतांसारखा दलाल असे. दोन बँकांमधील या व्यवहारांचे धनादेश दलालाच्या खात्यात जमा होऊ देण्याची प्रथा पडली आणि तिथेच दार उघडले. पुढे बँक ऑफ कराड आणि मेट्रोपॉलिटन को-ऑपरेटिव्ह बँक या दोन लहान बँकांनी ज्यांच्यामागे रोखेच नव्हते अशा पावत्या दिल्या. त्यांच्या आधारावर मोठ्या बँकांकडून आलेला पैसा शेअर बाजारात वळला आणि एसीसीसारख्या शेअरचा भाव सुमारे २०० रुपयांवरून ९,००० रुपयांच्या आसपास गेला.

भाव चढवण्याविषयी बोलायचे, तर त्या वेळी त्याला आवरणारा कायदा जवळजवळ नव्हता. शेअर बाजाराचे नियमन करणाऱ्या सेबीची स्थापना एप्रिल १९८८ मध्ये झाली असली तरी तिला वैधानिक अधिकार मिळाले ते १९९२ च्या कायद्याने, म्हणजे घोटाळा उघडकीस येत होता त्याच सुमारास. बाजारातील अनुचित व्यापारप्रथांविरुद्धची पहिली नियमावली तर १९९५ मध्ये आली. त्यामुळे खटल्यांचा भर बँकांचा पैसा, विश्वासघात आणि बनावट कागदपत्रे यांवर राहिला आणि त्यांच्यासाठी १९९२ मध्येच स्वतंत्र विशेष न्यायालयाचा कायदा करावा लागला. रिझर्व्ह बँकेचे डेप्युटी गव्हर्नर आर. जानकीरामन यांच्या समितीने ४,००० कोटी रुपयांहून अधिक रकमेचा हिशेब लागत नसल्याचे दाखवून दिले.

२३ एप्रिल १९९२ रोजी पत्रकार सुचेता दलाल यांची या घोटाळ्याविषयीची बातमी 'टाइम्स ऑफ इंडिया'त आली आणि मालिकेत तो अर्थातच उत्कर्षबिंदू आहे. त्या पत्रकारितेचे मोल मी तसूभरही कमी करणार नाही, परंतु बातमीच्या मुळाशी एक अगदी नीरस काम होते हे विद्यार्थ्यांनी विसरू नये. स्टेट बँकेच्या वहीत जेवढे रोखे होते तेवढे रिझर्व्ह बँकेच्या सार्वजनिक कर्ज कार्यालयाच्या नोंदीत नव्हते आणि कोणीतरी बसून या दोन नोंदी ताडून पाहिल्या तेव्हा ही तफावत समोर आली.

आता दुसरा भाग. बीआरचा रस्ता आज बंद आहे. १९९६ च्या डिपॉझिटरी कायद्यानंतर शेअर कागदावर राहिले नाहीत, रोख्यांचे सौदे इलेक्ट्रॉनिक पद्धतीने नोंदले जाऊन क्लिअरिंग कॉर्पोरेशनमार्फत पुरे होतात आणि जानेवारी २०२३ पासून भारतात सर्व शेअरच्या व्यवहारांचा हिशेब दुसऱ्याच कामकाजाच्या दिवशी चुकता होतो. तरीही २०१८ मध्ये पंजाब नॅशनल बँकेतील हमीपत्रांचे प्रकरण बाहेर आले, तेव्हा त्याचा सांगाडा मला ओळखीचा वाटला. हमीचे संदेश स्विफ्ट या बँकांमधील संदेशयंत्रणेतून परदेशी शाखांना जात होते, पण ती यंत्रणा बँकेच्या मूळ संगणकप्रणालीशी जोडलेली नसल्याने त्या संदेशांची नोंद बँकेच्या स्वतःच्याच वहीत होत नव्हती. बँकेने शब्द दिला होता आणि तिच्या दप्तरात तो नव्हता. मालिका पुन्हा पाहणार असाल तर बाजारातली दृश्ये बाजूला ठेवून पावती कोण देतो, ती कोण तपासत नाही आणि न तपासण्याची सवलत कोणाला मिळते, एवढेच पाहा.

प्रश्न : एका जुन्या अमेरिकी चित्रपटात विमान कंपनीत काम करणारे वडील मुलाला सहज काही सांगतात आणि मुलगा त्यावर पैसे करतो. मी स्वतः एका सूचीबद्ध कंपनीच्या वित्त विभागात आहे. घरी कामाविषयी बोलणे होतेच. माझा भाऊ शेअरमध्ये गुंतवणूक करतो. त्याने माझ्या बोलण्यावरून काही केले, तर मी दोषी कसा? मला एक पैसाही मिळणार नाही. (वित्त विभागातील एक वाचक)

उत्तर : तुम्ही १९८७ च्या 'वॉल स्ट्रीट'विषयी लिहीत आहात. त्यात ब्लूस्टार या काल्पनिक विमान कंपनीतील कामगार नेते असलेले वडील मुलाला सांगतात, की जुन्या अपघाताच्या चौकशीत कंपनी निर्दोष ठरणार आहे. निकाल अजून जाहीर झालेला नाही. मुलगा ही माहिती गॉर्डन गेको या बड्या सटोडियापर्यंत पोहोचवतो आणि जाहीर होण्याआधी खरेदी होते. प्रेक्षकाचे लक्ष गेकोकडे असते आणि वडील चित्रपटाचा नैतिक आधार आहेत, म्हणून ते दोषी असू शकतील असे कोणाच्या मनातही येत नाही.

हाच प्रसंग भारतात घडला असे धरू. सेबीची इनसायडर ट्रेडिंगविरोधी, म्हणजे कंपनीतील आतल्या माहितीवर शेअरचे सौदे करण्याविरुद्धची, नियमावली १५ मे २०१५ पासून लागू आहे. तिच्या तिसऱ्या नियमाप्रमाणे अप्रकाशित आणि किंमतीवर परिणाम करू शकेल अशी माहिती कामाच्या रास्त गरजेशिवाय दुसऱ्याला सांगणे हेच उल्लंघन आहे. पुढे व्यवहार झाला का, सांगणाऱ्याला काही मिळाले का, हे प्रश्न त्या नियमात येतच नाहीत. म्हणजे वडील दोषी, तीच माहिती मिळवून पुढे देणारा मुलगा दोषी आणि ती हाती असताना खरेदी करणारा गेकोही दोषी. चौथ्या नियमाखाली तर असे गृहीत धरले जाते, की ज्याच्याजवळ माहिती होती त्याने व्यवहार त्या माहितीमुळेच केला, आणि नियमाने दिलेल्या मोजक्या बचावांत आपण बसतो हे दाखवण्याचा भार त्याच्यावर पडतो. सेबी कायद्याच्या कलम १५ जी प्रमाणे दंड किमान १० लाख रुपयांपासून २५ कोटी रुपये किंवा नफ्याच्या तिप्पट, यांपैकी जे जास्त असेल तेथपर्यंत जाऊ शकतो.

'मला एक पैसाही मिळणार नाही' हा तुमचा युक्तिवाद अमेरिकी मालिकांतून आपल्याकडे आला आहे, असे मला नेहमी वाटते. तिथे माहिती देणाऱ्याला काही वैयक्तिक लाभ झाला का हा मुद्दा १९८३ च्या डर्क्स निकालापासून महत्त्वाचा आहे, म्हणून पडद्यावरचे वकील त्यावर तासन्‌तास बोलतात. परंतु तिथल्या सर्वोच्च न्यायालयानेही २०१६ मध्ये सलमान खटल्यात असे म्हटले, की शेअरचे व्यवहार करणाऱ्या नातेवाइकाला माहिती भेट म्हणून देणे हाच लाभ मानता येतो. त्या खटल्यात माहिती मूळ भावाकडून भावाकडे गेली होती, हे तुमच्यासाठी लक्षात घेण्यासारखे आहे.

नातेवाइकांबाबत आपला नियम कोणाला जवळचा मानतो तेही पाहा. जोडीदार तर आलाच. आईवडील, भावंडे आणि मुले, तुमची असोत वा जोडीदाराची, ती तुमच्यावर आर्थिकदृष्ट्या अवलंबून असतील किंवा शेअरच्या व्यवहारात तुमचा सल्ला घेत असतील, तर निकटच्या नातेवाइकांत मोडतात. तुमचा भाऊ स्वतः कमावता असला तरी 'यंदा घेऊ का रे?' असे तुम्हाला विचारत असेल, तर तो या व्याख्येत येतो. तुम्ही कंपनीच्या आचारसंहितेखालील नियुक्त व्यक्तींपैकी, म्हणजे अशी माहिती ज्यांच्या हाती येऊ शकते म्हणून कंपनीने नेमून दिलेल्यांपैकी असाल, तर दरवर्षी अशा नातेवाइकांची नावे, पॅन आणि दूरध्वनी क्रमांक कंपनीला द्यावे लागतात, शिवाय तुम्ही कोणत्या संस्थांमधून पदवी घेतली आणि पूर्वी कोठे नोकरी केली हेही एकदा कळवावे लागते. पदवीचे महाविद्यालय कशाला, असे अनेकजण वैतागून विचारतात. याचे उत्तर सोपे आहे. माहिती फुटते ती बहुधा ओळखीतून, आणि तपास सुरू झाला की पहिला प्रश्न असतो की हे दोघे एकमेकांना कोठून ओळखतात.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. केवळ नाते आहे आणि व्यवहाराची वेळ संशयास्पद आहे, एवढ्यावर दोष सिद्ध होत नाही. बलराम गर्ग विरुद्ध सेबी या २०२२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने माहिती प्रत्यक्ष दिली गेल्याचा ठोस पुरावा मागितला आणि सेबीचे आदेश टिकले नाहीत. त्या खटल्यात तर कुटुंबात आधीच फूट पडलेली होती. या निकालाकडे बचावाची वाट म्हणून पाहू नका, कारण अशा खटल्यात वर्षे जातात आणि तोवर नोकरी टिकेलच असे नाही. घरी कामाविषयी बोलावेच, माणसे बोलणारच. मात्र निकाल, सौदे, लाभांश, मोठी कंत्राटे, अधिकाऱ्यांचे राजीनामे यांपैकी जे जाहीर झालेले नाही ते वगळून बोलावे.

प्रश्न : व्हॉट्सॲपच्या एका गटात कंपनीच्या तिमाही निकालाचे आकडे निकालाच्या आदल्या दिवशी आले. मी ते दुसऱ्या गटात पाठवले. दुसऱ्या दिवशी ते बऱ्यापैकी खरे निघाले आणि आता मला झोप लागत नाही. (एक गुंतवणूकदार)

उत्तर : तुमच्यासारखेच प्रकरण भारतात सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेले आहे. २०१७ च्या सुमारास काही नामांकित कंपन्यांचे निकाल जाहीर होण्याआधीच त्यांचे आकडे व्हॉट्सॲपवर फिरत असल्याचे समोर आले. सेबीने फोन तपासले आणि संदेश पुढे पाठवणाऱ्यांपैकी काहींना दंड केला. त्यांचा बचाव असा होता, की असे शेकडो संदेश 'बाजारात ऐकले' या सदराखाली रोज फिरतात, त्यांतले पुष्कळसे चुकतात, आणि हा संदेश कंपनीच्या आतून आला आहे हे आम्हाला कळण्याचा मार्गच नव्हता. मार्च २०२१ मध्ये रोखे अपील न्यायाधिकरणाने, म्हणजे सॅटने, तो मान्य केला. संदेशाचा उगम सापडलेला नव्हता आणि घेणाऱ्याला ही आतली माहिती आहे याची जाणीव होती हेही दाखवले गेले नव्हते. नंतर सर्वोच्च न्यायालयानेही सेबीचे अपील फेटाळले.

त्यामुळे, तुम्ही लिहिले आहे तेवढेच खरे असेल, म्हणजे पाठवणाऱ्याची कंपनीशी काही ओळख तुम्हाला ठाऊक नसेल आणि तुम्ही स्वतः त्यावर शेअर घेतले नसतील, तर तुमची बाजू बळकट आहे. पण तुमच्या पत्रातील एका वाक्याकडे मी लक्ष वेधतो. गटाचा चालक 'मोठ्या लेखापाल संस्थेत' काम करतो, असे तुम्ही ओघात लिहिले आहे. सॅटचा निकाल ज्या एका गोष्टीवर उभा आहे, ती म्हणजे उगमाविषयीचे अज्ञान, आणि तेच तुमच्या बाबतीत डळमळते. लेखापरीक्षक हे कंपनीशी जोडलेले असतात आणि निकालाचे आकडे जाहीर होण्याआधी ज्यांच्या हाती असतात अशा मोजक्या लोकांपैकी ते असतात.

आता काय करावे? संदेश पुसू नका. आपण पुसला तरी तो समोरच्याच्या फोनमध्ये असतो, आणि पुसण्याची कृती मूळ चुकीपेक्षा वाईट ठरू शकते. त्या कंपनीच्या शेअरमध्ये सध्या व्यवहार करू नका. एखाद्या वकिलाला सगळे चित्र एकदा दाखवा. आणि हे प्रकरण खरोखर गंभीर असल्याचे तुमच्या लक्षात आले, तर सेबीची खबर देणाऱ्यांसाठीची (इन्फॉर्मंट) योजना डिसेंबर २०१९ पासून अस्तित्वात आहे हेही जाणून घ्या. इनसायडर ट्रेडिंगची अस्सल माहिती ठरलेल्या पद्धतीने देणाऱ्याचे नाव तिच्याखाली गोपनीय राहते आणि वसूल झालेल्या रकमेच्या १० टक्क्यांपर्यंत बक्षीस मिळू शकते.

कंपन्यांच्या बाजूनेही या प्रकरणानंतर बरेच बदलले. एप्रिल २०१९ पासून प्रत्येक सूचीबद्ध कंपनीला एक डिजिटल नोंदवही ठेवावी लागते. अप्रकाशित माहिती कामासाठी कोणाला, केव्हा दिली हे त्या व्यक्तीच्या पॅनसह तीत टिपले जाते आणि नोंदीत मागाहून फेरफार करता येऊ नये अशी तिची रचना असावी लागते. आकडे फुटले, तर ते कोणाकोणाच्या हाती होते ही यादी आता शोधावी लागत नाही.

प्रश्न : एका विनोदी चित्रपटामुळे अमेरिकेत कायदा झाला, असे ऐकले. खरे आहे का? (एक वाचक)

उत्तर : चित्रपटामुळे झाला असे म्हणणे जास्त होईल, पण कायद्याला त्या चित्रपटातील अभिनेत्याचे नाव चिकटले आहे हे खरे. 'ट्रेडिंग प्लेसेस' हा १९८३ चा चित्रपट. त्यात दोन श्रीमंत भाऊ संत्र्याच्या पिकाविषयीचा सरकारी अहवाल जाहीर होण्याआधी चोरून मिळवण्याचा डाव रचतात, आणि नायक त्यांच्या हाती खोटा अहवाल देऊन गोठवलेल्या संत्रारसाच्या वायदा बाजारात त्यांना बुडवतात. प्रेक्षकाला वाटते की खलनायकांना कायद्याची शिक्षा झाली. प्रत्यक्षात शेअरसाठी जसे इनसायडर ट्रेडिंगचे नियम होते तसे तिथल्या वायदा बाजारासाठी नव्हते आणि सरकारी खात्यातून फुटलेल्या माहितीवर सौदे करण्यावर थेट बंदी नव्हती. मार्च २०१० मध्ये वायदा आयोगाचे तत्कालीन अध्यक्ष गॅरी गेन्सलर यांनी अमेरिकी संसदेच्या समितीसमोर ही पोकळी समजावताना याच चित्रपटाचा दाखला दिला. त्याच वर्षी डॉड-फ्रँक कायद्याच्या कलम ७४६ ने ती भरून काढली आणि त्या तरतुदीला 'एडी मर्फी नियम' असे म्हटले जाऊ लागले. आयोगाच्या अध्यक्षाने प्रेक्षकाच्या समजुतीपासून सुरुवात करून कायद्यातले छिद्र दाखवले, याचे मला मनापासून कौतुक वाटते. सत्तावीस वर्षे लोक ते दृश्य पाहून समाधानाने हसत होते आणि ते दृश्य कायद्याबाहेर होते.

प्रश्न : माझ्या मुलाच्या खोलीत 'द वुल्फ ऑफ वॉल स्ट्रीट'चे पोस्टर आहे. तो म्हणतो, त्या माणसाकडून विक्रीचे कौशल्य शिकायचे, गुन्हा नाही. आता तो एका यूट्यूब वाहिनीसाठी शेअरवर चित्रफिती बनवतो. काळजी करावी का? (एक आई)

उत्तर : करावी, आणि त्याच्याशी बोलावेही. त्या चित्रपटाविषयी माझे मत कडक आहे आणि ते मी लपवत नाही. जॉर्डन बेलफर्ट यांच्या स्ट्रॅटन ओकमाँट या संस्थेचा धंदा असा होता : स्वस्त, फारशी उलाढाल नसलेले शेअर स्वतःच्या आणि मर्जीतल्या लोकांच्या नावाने आधी गोळा करायचे, फोनवरून ते हजारो लोकांच्या गळ्यात मारायचे, भाव चढला की आपले विकून मोकळे व्हायचे. तुमचा मुलगा ज्याला कौशल्य म्हणतो, तो या साखळीचा मधला टप्पा आहे. पहिला आणि तिसरा टप्पा नसता तर त्या कौशल्याला काही किंमत नव्हती. बेलफर्ट यांना २००३ मध्ये चार वर्षांची शिक्षा झाली, त्यांपैकी २२ महिने ते तुरुंगात होते, आणि फसलेल्यांना सुमारे ११ कोटी डॉलर परत करण्याचा आदेश झाला. तीन तासांच्या चित्रपटात फोनच्या दुसऱ्या टोकाला असलेली, पैसे गमावणारी माणसे जवळजवळ दिसतच नाहीत. माझा आक्षेप तिथे आहे.

त्याच्या चित्रफितींसंबंधी तीन गोष्टी त्याला विचारा. तो सल्ला देतो का? देत असेल, तर सेबीकडे गुंतवणूक सल्लागार किंवा संशोधन विश्लेषक म्हणून नोंदणी लागते. तो फक्त शिकवतो का? तर जानेवारी २०२५ च्या सेबीच्या परिपत्रकाप्रमाणे केवळ शिक्षण देणाऱ्याने गेल्या तीन महिन्यांतील भावांचा वापर करून शेअरविषयी बोलू नये. आणि ज्याविषयी तो बोलतो ते शेअर त्याच्या, वाहिनीच्या मालकाच्या किंवा त्याला पैसे देणाऱ्याच्या खात्यात आहेत का? या शेवटच्या प्रश्नाला तो अडखळला, तर वाहिनीचे काम त्याच दिवशी थांबवावे.

मार्च २०२३ मध्ये साधना ब्रॉडकास्ट या कंपनीच्या प्रकरणात सेबीने अंतरिम आदेश दिला, तो त्याला वाचायला द्या. कंपनीविषयी खोट्या बातम्या सांगणाऱ्या चित्रफिती यूट्यूबवर पैसे खर्चून पसरवण्यात आल्या, लहान गुंतवणूकदार धावून आले, आणि ज्यांच्याकडे शेअर आधीपासून होते त्यांनी ते चढ्या भावाने विकले, असे त्या आदेशात नोंदवलेले आहे. पद्धत पोस्टरवरच्या माणसाचीच आहे. फोनची जागा फक्त चित्रफितीने घेतली. अशा प्रकरणांत सेबी गैरमार्गाने मिळवलेला नफा परत भरायला लावते आणि बाजारात उतरण्यावर बंदी घालते. पंचविशीत असलेल्या मुलासाठी पाच वर्षांची बंदी काय असते, हे तुम्ही त्याला माझ्यापेक्षा चांगले सांगू शकाल.

आणखी एक गोष्ट सांगतो. तो चित्रपट ज्या रेड ग्रॅनाइट कंपनीने काढला, तिने मलेशियाच्या १एमडीबी या सरकारी निधीतून वळवलेल्या पैशांच्या दाव्यात अमेरिकी सरकारला ६ कोटी डॉलर देऊन २०१८ मध्ये तडजोड केली. लोकांना लुबाडणाऱ्याची कहाणी सांगण्यासाठी वापरलेला पैसा एका देशातील जनतेचा होता असा आरोप होता. तो चित्रपट पाहताना मला हे विसरता येत नाही. गेकोची भूमिका करणारे मायकेल डग्लस यांनी २०१२ मध्ये एफबीआयच्या जनजागृतीपर चित्रफितीत येऊन आपण साकारलेले पात्र काल्पनिक असले तरी गुन्हा खरा आहे असे प्रेक्षकांना सांगितले होते. मुलाला पोस्टरच हवे असेल, तर तो निदान ती चित्रफीत पाहील एवढी अट घाला.

प्रश्न : अमेरिकी उद्योजिका मार्था स्ट्युअर्ट यांना इनसायडर ट्रेडिंगसाठी तुरुंगवास झाला ना? (एक वाचक)

उत्तर : नाही, आणि हा गैरसमज जगभर आहे. डिसेंबर २००१ मध्ये त्यांनी इमक्लोन कंपनीचे सुमारे ४,००० शेअर विकून अंदाजे ४५,००० डॉलरचा तोटा टाळला. २००४ मध्ये त्या दोषी ठरल्या त्या कटकारस्थान, तपासात अडथळा आणि तपास अधिकाऱ्यांना खोटी विधाने यांसाठी. रोखे फसवणुकीचा आरोप न्यायाधीशांनी आधीच काढून टाकला होता, आणि इनसायडर ट्रेडिंगचा दिवाणी दावा २००६ मध्ये तडजोडीने मिटला. पाच महिन्यांचा तुरुंगवास हा व्यवहारानंतर जे सांगितले गेले त्याचा परिणाम होता. आपल्याकडे २०१९ पासून सेबी कायद्यात कलम १५ एचएए आहे. तपासाला अडथळा व्हावा म्हणून कागदपत्रे वा नोंदी बदलणे, नष्ट करणे, लपवणे यांसाठी त्याखाली १ लाखापासून १० कोटी रुपये किंवा नफ्याच्या तिपटीपर्यंत दंड होऊ शकतो. व्हॉट्सॲपविषयी विचारणाऱ्या वाचकांनी हे उत्तरही वाचावे.

प्रश्न : मालिकांमध्ये कंप्लायन्स म्हणजे नियमपालन अधिकारी एकतर हास्यास्पद असतो किंवा मालकाचा हस्तक. आमच्या कंपनीतील अधिकाऱ्याने मला स्वतःचे शेअर विकायला नकार दिला आणि कारणही सांगितले नाही. मुलीच्या शिक्षणासाठी पैसे हवे होते. हा मनमानीपणा नाही का? (एका कंपनीतील विभागप्रमुख)

उत्तर : तुमची अडचण खरी आहे, तरीही मी त्या अधिकाऱ्याच्या बाजूने उभा राहणार आहे. तिमाही संपल्यापासून निकाल जाहीर होऊन ४८ तास उलटेपर्यंत नियुक्त व्यक्तींसाठी ट्रेडिंग विंडो, म्हणजे कंपनीच्या शेअरचे व्यवहार करण्याची मुभा, बंद असते, हे तुम्हाला माहीत असणारच. तुम्ही अर्ज केला तेव्हा ती उघडी होती, म्हणून नकार मनमानीचा वाटला. पण विंडो उघडी असतानाही आचारसंहितेत ठरवलेल्या मर्यादेपलीकडच्या व्यवहाराला पूर्वमंजुरी लागते, आणि मंजुरी देण्याआधी अधिकाऱ्याला पाहावे लागते की कंपनीत सध्या असे काही शिजते आहे का, जे अर्जदाराला ठाऊक असू शकेल. समजा, दुसरी एखादी कंपनी विकत घेण्याची बोलणी चालू आहेत आणि ती संचालकांपैकी चौघांनाच माहीत आहेत. अधिकाऱ्याने तुम्हाला 'एका सौद्यामुळे थांबा' असे सांगितले, तर त्या एका वाक्याने तो तुम्हाला अप्रकाशित माहिती देतो आणि तिसऱ्या नियमाचे उल्लंघन स्वतःच करतो. कारण न सांगणे हाच त्याच्यापुढचा एकमेव कायदेशीर मार्ग असतो. 'मला नकार मिळाला' हेही तुम्ही सहकाऱ्यांना सांगू नये, कारण ऐकणारा त्यावरून तर्क बांधू शकतो.

पडद्यावर हे काम दाखवणे कठीण आहे हे मी समजू शकतो. बंद दारामागे एक माणूस दुसऱ्याला 'आत्ता नाही' म्हणतो आणि पुढे काहीच घडत नाही, यात नाट्य नाही. परंतु पुढे काही घडले नाही हेच त्याचे काम आहे, आणि त्यासाठी त्याला मिळते ती बहुधा तुमच्यासारख्यांची नाराजी.

तुमच्या गरजेसाठी दोन मार्ग आहेत. विंडो उघडी राहिली आणि परिस्थिती बदलली, तर पुन्हा अर्ज करा. मंजुरी मिळाल्यास ती जास्तीत जास्त सात कामकाजाच्या दिवसांत वापरावी लागते आणि विक्रीनंतर सहा महिने त्याच कंपनीचे शेअर उलट दिशेने, म्हणजे खरेदीसाठी, घेता येत नाहीत. दुसरा मार्ग ट्रेडिंग प्लॅनचा. शिक्षणाच्या शुल्कासारखा खर्च आधीपासून माहीत असतो, तेव्हा किती शेअर केव्हा विकायचे याची योजना आधीच अधिकाऱ्याकडे मंजूर करून घेऊन ती जाहीर करता येते. योजना जाहीर झाल्यापासून १२० दिवसांनी तिच्याप्रमाणे व्यवहार सुरू होऊ शकतात आणि मग विंडो बंद असली तरी ते थांबत नाहीत. एकदा दिलेली योजना मात्र मागे घेता येत नाही आणि ठरल्याप्रमाणे विकावेच लागते, त्यामुळे आकडा विचारपूर्वक घाला. पुढच्या वर्षीच्या शुल्काची तारीख तुम्हाला आजच ठाऊक असेल, तर योजनेचा मसुदा याच महिन्यात त्या अधिकाऱ्याकडे घेऊन जा.